हवेची दुसरी वाट

यू आकाराच्या काचेच्या नळीतलं निळं पाणी दोन्ही बाजूंना एकाच उंचीवर होतं, फक्त डाव्या बाजूला, काचेला लागून, त्याचा काठ केसभर वर चढलेला होता. उजवीकडे तो सपाट होता. सुनीतीने चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळा नळीच्या अगदी जवळ नेला. उजवी बाजू आतून ओशट राहिली असणार. स्वच्छ काचेवर पाणी चढतं, ओशट काचेवर चढत नाही. चूक केसाएवढीच, मोजमापात त्यामुळे काही फरक पडणार नव्हता. तरी चूक कुठे आहे हे कळल्याशिवाय तिला पुढे जाता यायचं नाही.

"लाव," ती म्हणाली.

स्पृहाने घरून आणलेल्या व्हॅक्यूम क्लीनरचं बटण दाबलं. क्लीनरची नळी अॅल्युमिनियमच्या एका पेटीला जोडलेली होती, काचेच्या नळीचं एक टोकही. पेटी जेवणाच्या डब्यापेक्षा थोडी मोठी. तिचं पुढचं तोंड, जिथे हवेचा फिल्टर बसतो, स्टीलच्या ताटलीने गच्च झाकलेलं. आतली हवा ओढली जाऊ लागली तसं निळं पाणी एका बाजूने वर सरकलं. एक बोट, दोन बोटं, तीन. मग पेटीच्या आत टक् असा आवाज झाला आणि पाणी धपकन खाली आलं.

"उघडलं," मागून श्यामसुंदर म्हणाले. "काल उघडलं, परवा उघडलं, आजही उघडलं. आता आणखी काय, त्याच्याकडून लिहून घ्यायचंय का?"

"घेतलं असतं," सुनीती म्हणाली, "पण त्याची सही कोण ओळखणार?"

स्पृहा हसली. आईबाबांच्या या बोलण्यावर ती लहानपणापासून हसत आली होती. त्यातलं कुठलं वाक्य चेष्टेचं आणि कुठलं नाही, हे तिला बहुतेक वेळा कळायचं.

वाघोलीच्या मागच्या अंगाला ज्ञानदेवची पत्र्याची शेड होती. एके काळी तो तिथे सेंट्रिंगच्या प्लेटा ठेवायचा. गेली दहा वर्षं तिच्यात एक विमान वाढत होतं. दोन माणसांचं, पिवळं, अजून पंख न लावलेलं. श्यामसुंदर मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्याच महिन्यात विमानाच्या सुट्या भागांची खोकी आली होती. भाग जोडायचे ते श्यामसुंदरांनी, विजेचं काम स्पृहाने, आणि जे काही मोजायचं असेल ते सुनीतीने, अशी वाटणी कुणी न करताच झाली. सुनीतीने तीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं होतं. तिने मोजलेलं कुणी परत मोजत नसे.

पेटीला बाजूने हे दुसरं दार असावं, हा आग्रह तिचाच. विमानाचं इंजिन पुढच्या एकाच तोंडाने श्वास घेतं. त्या तोंडावर उडती प्लॅस्टिकची पिशवी बसली, पावसाने फिल्टर भिजून लगदा झाला, तर श्वास कोंडतो, आणि हवेत इंजिनाचा श्वास कोंडला की खाली जागा शोधण्यापलीकडे काही हातात उरत नाही. म्हणून हवेला दुसरी वाट. वाटीच्या तोंडाएवढं गोल दार, आतल्या बाजूला उघडणारं, एका लहानशा लोहचुंबकाने धरून ठेवलेलं. पुढची वाट बंद झाली की आतली ओढ वाढते आणि दार आपोआप सुटतं. न सुटलं तर चालकापुढे लाल मुठीची केबल, ती ओढायची.

दार उत्तम झालं होतं. त्याच्या कडेला बसवलेली रबरी पट्टी श्यामसुंदरांनी नव्या कोऱ्या कुकरच्या रिंगेतून कापून काढली होती, आणि ते येईल त्याला सांगत होते, "जी रिंग तीन शिट्ट्या सोसते ती एवढीशी हवा सोसणार नाही होय?" पट्टी जिथे टेकते तो काठही त्यांनी विमानाच्याच पिवळ्या रंगाने रंगवला. कुणाला दिसणार नव्हता, तरी रंगवला.

पेटी इंजिनाखाली परत बसली तेव्हा दहा वाजत आले होते. स्पृहाने स्क्रू आवळता आवळता, श्यामसुंदर हात धुवायला गेलेत हे बघून, हळूच विचारलं, "आई, ठरलं का मग?"

"काय?"

"तुला माहितेय काय."

"आधी दार होऊ दे," सुनीती म्हणाली.

हे उत्तर ती दिवाळीपासून देत होती.

प्रश्न साधा होता. पहिल्यांदा विमान कोण उडवणार? श्यामसुंदर धरूनच चालले होते की ते. त्यांच्याकडे तरुणपणापासूनचा परवाना होता, डॉक्टरांनी तपासून त्यांना बावन्नकशी ठरवलं होतं, परवानगीची पत्रंही आली होती. शिरूरच्या पुढे एका ओळखीच्या माणसाच्या जमिनीवर धावपट्टी होती. विमान आणि पंख ट्रेलरवर घालून तिकडे न्यायचे एवढंच राहिलं होतं. सगळ्या कागदांनी हो म्हटलं होतं. नाही म्हणणारी एकटी सुनीती होती, आणि तिने ते अजून तोंडातून काढलं नव्हतं.

कारण तिच्याकडे होतं काय? वारज्याच्या पुलावर पुढचा टेम्पो थांबला तेव्हा श्यामसुंदरांचा पाय आधी भलत्याच पेडलवर गेला, मग ब्रेकवर. एका सकाळी गॅसवर दूध वर येताना ते समोर उभे राहून पाहत होते, आणि मग त्यांनी बटण फिरवलं ते शेजारच्या शेगडीचं. दूध उतू गेलं. "अगं, लक्ष नव्हतं," ते म्हणाले, आणि खरंच, लक्ष कुणाचं नसतं? दोन-तीन निरीक्षणांवरून निष्कर्ष काढायचा नाही, हे तिने आयुष्यभर पोरांना सांगितलं होतं. गप्पा मारताना, हिशेब करताना, नट आवळताना ते पूर्वीइतकेच तल्लख होते. फक्त अचानक काही झालं की डोकं आणि हात यांच्यामध्ये कुठेतरी एक फट पडत होती. ती फट तिला दिसायची. दुसऱ्या कुणाला दिसत नव्हती.

आणि त्यांना खाली उतरवायचं म्हणजे स्पृहाला वर बसवायचं. हिंजवडीतली नोकरी सोडून स्पृहा वैमानिक झाली होती, आता फ्लाइंग क्लबात इतरांना शिकवत होती. ती नाही म्हणणार नव्हती. विमान तसंच शेडमध्ये ठेवू या, असं म्हणायला बापलेकींपैकी एकही तयार झालं नसतं. म्हणजे सुनीतीने तोंड उघडलं की एकाला वाचवून दुसरीला पुढे करायचं, आणि तिचं काही बरंवाईट झालं तर ते आपल्या शब्दाने झालं म्हणायचं. त्यापेक्षा दार बरं होतं. दारात रोज काहीतरी दुरुस्त करण्यासारखं निघायचं.

शेडमागच्या मोकळ्या जागेत विमान बाहेर काढलं. शेपटी दोराने ज्ञानदेवच्या ट्रॅक्टरला बांधली, चाकांना विटा लावल्या. चारही बाजूंनी अर्धवट बांधलेल्या इमारती वाकून बघत असल्यासारख्या उभ्या होत्या. फिल्टरच्या पुढे स्पृहाने पत्र्याची एक सरकती झडप बसवली होती आणि तिची दोरी कड्यांमधून मागे, चालकाच्या खुर्चीच्या बाजूपर्यंत आणली होती, म्हणजे कुणाला फिरत्या प्रोपेलरजवळ जायला नको. दोरी ओढली की इंजिनाचं तोंड बंद.

दोरी सुनीतीच्या हातात होती.

"म्याडम," ज्ञानदेव आग विझवायचं सिलिंडर छातीशी धरून म्हणाला, "चालू गाडीचं नाक दाबायचं म्हंजे आक्रीतच हाय की."

"नाक दाबल्यावर तोंड उघडतं का ते बघायचंय."

"आन न्हाई उघडलं तर?"

"तर आपण जमिनीवर आहोत," ती म्हणाली.

सकाळची चाचणी नीट झाली. इंजिन सुरू झालं, थोडं तापलं, सुनीतीने दोरी ओढली, इंजिनाचा सूर जरासा बसला आणि लगेच सावरला. दार आपोआप उघडलं होतं. श्यामसुंदर खाली उतरले ते हात झटकतच.

"संपलं! येत्या रविवारी ट्रेलर सांगतो. चला, अकरा वाजले. नगर रोड तुंबायच्या आत घरी. जेवण, आणि मग माझी झोप."

"दुपारी परत करू या," सुनीती म्हणाली.

"काय परत?"

"हेच. इंजिन पूर्ण तापवून."

"अगं, आत्ता झालं ना तुझ्यासमोर!"

"आत्ता ते कोमट होतं. आपण दर वेळी सकाळी येतो, सकाळी तपासतो आणि तुमच्या झोपेच्या वेळेला घरी जातो. हे दार गरम असताना आपण एकदाही तपासलेलं नाही."

श्यामसुंदरांनी लेकीकडे पाहिलं. "ऐकलंस? म्हणजे माझ्या वामकुक्षीने विमान पडणार."

"बाबा, लॉजिक बरोबर आहे तिचं," स्पृहा म्हणाली. "फ्लाइटमध्ये ते गरमच असणार ना."

"तुम्ही दोघी एक झालात की मला विचारता कशाला? पत्र्याच्या भट्टीत बसतो. म्हाताऱ्याला शेकून निघू दे."

त्यांनी पोळीभाजीचा डबा शेडमध्येच खाल्ला. खाऊन श्यामसुंदर खुर्चीत मान टाकून घोरले, ती वेळ चुकवणं त्यांच्या हातात नव्हतं. सुनीती त्यांच्याकडे बघत बसली. आपण हे शास्त्र म्हणून केलं की आणखी एक दिवस ढकलावा म्हणून, हे तिचं तिलाच नक्की सांगता आलं नसतं.

तीनच्या सुमाराला पत्र्याला हात लावता येत नव्हता. विमान पुन्हा बाहेर आलं. श्यामसुंदर खुर्चीत बसले, डोळे चोळले, पट्टा बांधला.

"इंजिन अडखळलं आणि सावरलं नाही तर लाल मूठ ओढायची," सुनीती म्हणाली. "वाट बघायची नाही."

"बाई, ती मूठ मी बसवलीय."

या वेळी इंजिन बराच वेळ चालू ठेवलं. काट्याने तेल तापल्याचं दाखवलं तरी सुनीती थांबली. धूळ उडत होती, ट्रॅक्टरचा दोर ताणून सरळ रेघ झाला होता. स्पृहा नाकाच्या बाजूला, सुरक्षित अंतरावर, पेटीकडे डोळे लावून उभी होती. सुनीती मात्र पंख जिथे बसणार त्या सांध्याजवळ होती. तिथून तिला पेटी दिसत नव्हती. श्यामसुंदरांचा हात दिसत होता.

तिने दोरी ओढली.

सूर बसला. ती सावरण्याची वाट पाहू लागली, आणि तो सावरला नाही. इंजिन खोकलं, धुरांड्यातून काळा धूर आला, सगळं विमान गदगदा हललं. लाल मूठ श्यामसुंदरांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होती. त्यांचा हात उठला, मधेच थांबला, आणि थ्रॉटलवर, इंजिनाचा वेग वाढवायच्या दांड्यावर, गेला. त्यांनी थ्रॉटल पुढे रेटला. गुदमरणाऱ्याला धाव म्हणण्यासारखं ते होतं. इंजिनाने आणखी एक आचका दिला आणि ते बंद पडलं. प्रोपेलर उलटा जरासा झुलून थांबला.

एकदम इतकी शांतता झाली की समोरच्या इमारतीवरच्या गवंड्याचं घमेलं ऐकू आलं.

"दार उघडलं नाही!" श्यामसुंदर ओरडले. "सुनीती, उघडलंच नाही गं दार!"

"नाही उघडलं," स्पृहा तिकडून म्हणाली. "मी बघत होते. हललं सुद्धा नाही."

ते खरं होतं. शब्दाशब्दाने खरं होतं. सुनीतीने दोरी खाली ठेवली, तेव्हा तिच्या तळहातावर दोरीचा पीळ उमटलेला होता.

इंजिनावरचं झाकण काढलं. जाड हातमोजा घालून स्पृहाने पेटी सोडवली आणि सुनीतीने बाहेरच्या बाजूने बोटाने दार आत ढकललं. दार हललं नाही. तिने आणखी जोर लावला, तेव्हा ते चर्र आवाज करत सुटलं, आणि तो आवाज ऐकताच तिला कळलं. तो आवाज तिने आयुष्यात हजारदा ऐकला होता, भात झाल्यावर, घाईने कुकर उघडताना.

"रिंग," ती म्हणाली. "गरम झाली की चिकटते. आणि खाली तुमचा ताजा रंग. दोन्ही मऊ झाले आणि एकमेकांना धरून बसले. गार झाल्यावर आपोआप सुटतात, म्हणून सकाळी कधी कळलं नाही."

स्पृहाला हसू फुटलं, आणि तिच्या मागोमाग श्यामसुंदरांनाही.

"म्हणजे दहा वर्षं काम करून," ते डोळे पुसत म्हणाले, "मी पुण्यातला पहिला उडता कुकर बनवला."

"शिट्टी तेवढी राहिली, बाबा."

"आमच्या कारभारनीला, हिराला सांगतो," ज्ञानदेव म्हणाला, "कुकरची रिंग इमानात चालली हुती म्हनून."

सगळे हसत होते आणि ते हसणं सुटकेचं होतं. दोष सापडला होता, त्याला नाव होतं, तो नखाने खरवडून काढता येण्यासारखा होता. सुनीतीही हसली. दोन दोषांपैकी एकच सापडलाय, हे त्या घोळक्यात तिला एकटीला ठाऊक होतं.

पट्टी ओरबाडून काढली. काठावरचा रंग पॉलिश पेपरने घासून खालचा धातू उघडा केला.

"पण मग हवा गळणार की कडेने," श्यामसुंदर म्हणाले. "फिल्टर न केलेली."

"गळू दे थोडी. थोडी धूळ इंजिन सोसेल. बंद राहिलेलं सोसणार नाही."

पेटी बसवून, इंजिन पुन्हा तापवून चाचणी केली. दोरी ओढल्याबरोबर दार सुटलं. परत ओढली, परत सुटलं. श्यामसुंदरांनी खुर्चीतूनच अंगठा वर केला. आता काय सांगणार? दार झालं होतं.

सुनीतीने खिशातून दुसरं लोहचुंबक काढलं. आधीच्यापेक्षा चांगलं जाड.

"आणखी एक," ती म्हणाली. "हे लावलं की दार आपोआप सुटणार नाही. काही अडकलं तर हवेत तसंच होईल. मग ते हातानेच उघडायचं. मी दोरी कधी ओढणार ते सांगणार नाही."

श्यामसुंदरांच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथेच राहिलं, पण त्यामागून काहीतरी निघून गेलं.

"ही आता दाराची परीक्षा नाही," ते म्हणाले.

"नाही."

"माझी आहे."

"हो."

स्पृहाने आईकडे पाहिलं, मग बाबांकडे. तिने हातमोजा चढवला आणि ते जाड लोहचुंबक दाराला बसवलं. श्यामसुंदरांनी पट्टा पुन्हा एकदा आवळला आणि चावी फिरवली.

इंजिन फिरत राहिलं. सुनीतीने दोरी हातात धरून ठेवली. तिला वाटलं होतं आपण लगेच ओढू, पण हात होईना. श्यामसुंदरांची मान ताठ होती, नजर लाल मुठीवर खिळलेली. पाठ करून आलेल्या विद्यार्थ्यासारखे ते बसले होते. अशी नजर हवेत कुणाला ठेवता येत नाही. ती थांबली. शेवटी त्यांनी नजर उचलून तेलाच्या काट्याकडे नेली, सवयीने, आणि तिने दोरी ओढली.

सूर कोसळला. हात उठला. फळ्यावर काहीतरी शोधावं तसा तो हवेत घुटमळला, थ्रॉटलला लागला, तिथून परत फिरला, आणि मग मूठ सापडली. त्यांनी ती ओढली तेव्हा प्रोपेलरची पाती एकेक करून दिसायला लागली होती. दार उघडलं. इंजिन बंद पडलं होतं.

"ऊन डोळ्यावर आलं एकदम," श्यामसुंदर म्हणाले.

"ऊन मागनं हाय की, सायेब," ज्ञानदेव सरळपणाने म्हणाला, आणि मग सिलिंडरची पिन चाचपत बसला.

"बाबा, उतर ना जरा," स्पृहा म्हणाली. "केबल जड जातेय का ते मला बघू दे."

केबल जड नव्हती. सगळ्यांना माहीत होतं. श्यामसुंदर सावकाश उतरले, एक पाय, मग दुसरा, आणि लेकीला बसायला जागा दिली. विमानाच्या अंगावरून त्यांनी उगाच एकदा हात फिरवला आणि ते सुनीतीच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांच्या शर्टाला रंगाचा आणि घामाचा वास येत होता.

इंजिन पुन्हा सुरू झालं. आता खुर्चीत स्पृहा होती. केस मागे बांधलेले, खांदे सैल, नजर कुठेच न थांबता काट्यांवरून समोर, समोरून बाजूला फिरत होती. सुनीतीला अचानक स्वतःचीच एक इच्छा दिसली. हिचाही हात चुकावा. चुकला तर मग कुणालाच बसवायला नको, विमान शेडमध्ये राहील, आपल्याला काही बोलावं लागणार नाही. तीस वर्षं मोजमाप करणाऱ्या बाईने एखाद्या प्रयोगाकडून इतकं काही मागितलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली. ती थांबली, बराच वेळ थांबली, स्पृहाने मान वळवून इमारतीकडे पाहिलं त्या क्षणापर्यंत थांबली, आणि मग निर्दयपणे, झटक्याने, तिने दोरी ओढली.

इंजिनाचा सूर कचरला. बस, कचरला. स्पृहाची मान अजून पुरती वळलीही नव्हती आणि लाल मूठ बाहेर होती. सूर भरून आला. तिचा हात परत थ्रॉटलवर जाऊन टेकला, जणू तिथून हललाच नव्हता.

सुनीतीच्या शेजारी श्यामसुंदरांनी श्वास सोडलेला तिला ऐकू आला नाही, इंजिनाचा आवाज होता. त्यांचा खांदा खाली आलेला जाणवला.

स्पृहाने इंजिन बंद केलं. पट्टा सोडला, पण ती खाली उतरली नाही. खुर्चीतच बसून राहिली, समोर बघत. ज्ञानदेव ट्रॅक्टरचा दोर सोडायला गेला.

"मग?" श्यामसुंदर म्हणाले. ते फडक्याने हात पुसत होते. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. "येत्या रविवारी ट्रेलर सांगू ना?"

"सांगा."

"दार झालं?"

"झालं," सुनीती म्हणाली.

"तू दिवाळीपासून म्हणतेयस, आधी दार होऊ दे." ते तिच्याकडे बघत नव्हते. "आता झालं. मग आता बोल की. का आणखी एखादं लोहचुंबक आहे खिशात?"

खिशात काही नव्हतं. खुर्चीत बसलेल्या स्पृहाची मान किंचित तिच्या दिशेने वळलेली तिला दिसली. ती ऐकत होती. आपण बोललो की हीच मान त्या धावपट्टीच्या टोकाला, एकटी, काट्यांवरून समोर आणि समोरून बाजूला फिरणार, आणि दोरी कुणाच्याच हातात नसणार. सुनीतीने ते एकदा पूर्ण पाहून घेतलं. मग ती नवऱ्याकडे वळली.

"अहो," ती म्हणाली, "पहिल्यांदा विमान स्पृहा उडवेल. तुम्ही नाही."